कबंधाच्या पोटातल्या खुंट्या

ज्या गिटारच्या मानेच्या टोकाला खुंट्यांची पाटी नसते, जिच्या तारा त्या टोकाला नुसत्या अडकवलेल्या असतात आणि तारा पिळण्याचे सारे काम घोडीपाशी, म्हणजे वाद्याच्या पोटाशी होते, तिला ‘हेडलेस’ गिटार म्हणतात. मराठीत तिला ‘बिनडोक’ म्हणण्याचा मोह होतो. पण नेमके नाव शोधायचेच झाले तर ते अरण्यकांडात सापडते. डोके नाही आणि तोंड पोटात, असा जो कबंध राक्षस राम-लक्ष्मणांच्या वाटेत येतो, त्याच्याच घाटाचे हे वाद्य आहे.

अशी विद्युत गिटार घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न पुण्यात एक असतो आणि मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर वेगळाच होतो. तिच्या बाजूने सहसा सांगितली जाणारी कारणे सगळीकडे सारखीच लागू पडतात: नेहमीची विद्युत गिटार साडेतीन किलोच्या आसपास भरते, ही दोन ते अडीच किलोंत आटोपते, मान खाली झुकत नाही, लांबी कमी असल्याने लाँचमध्ये वा एसटीत ती मांडीवर मावते. ही सगळी कारणे खरी आहेत आणि किनाऱ्यापुरती ती दुय्यम आहेत. किनाऱ्यावर खरा प्रश्न डोक्याचा नसून मान कशाची केली आहे आणि खुंट्यांचे लोखंड कोठे ठेवले आहे, हा आहे. तो नीट समजण्यासाठी या वाद्याच्या जन्माकडे जावे लागते, कारण जन्मावेळी त्यात दोन कल्पना होत्या आणि बाजाराने पुढे त्यांतली एकच उचलली.

ते ज्याच्या हातून जन्मले तो नेड स्टाइनबर्गर वादक नव्हता, वाद्ये घडवणारा कारागीरही नव्हता. तो फर्निचरचे आराखडे करणारा होता. (त्याचे वडील जॅक स्टाइनबर्गर यांना न्यूट्रिनोवरील संशोधनासाठी 1988 मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, तोवर मुलाचे वाद्य जगभर वाजू लागले होते.) 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात सुतारांच्या एका सहकारी कर्मशाळेत त्याच्या शेजारी स्टुअर्ट स्पेक्टर हा बास गिटार बनवीत असे. त्याच्यासाठी स्टाइनबर्गरने 1977 मध्ये अंगाला बिलगणाऱ्या वक्र पाठीच्या एका बासचा आराखडा केला आणि तेव्हा त्याच्या लक्षात आले, की बासची लांब मान आणि तिच्या टोकाच्या चार जड धातूच्या खुंट्या वाद्याला सतत जमिनीकडे ओढत असतात. खुर्चीचा तोल सांभाळणाऱ्या माणसाने जो उपाय केला असता तोच त्याने केला. वजन जिथे नको होते तिथून काढले आणि पोटाशी आणले. वादकाला हे सुचले नसते, कारण डोक्याशिवायचे वाद्य ही त्याला विटंबना वाटली असती.

इथवरची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. स्टाइनबर्गरचा दुसरा निर्णय मात्र अधिक धीट होता. त्याने लाकूडच सोडले. 1980 च्या सुमारास लोकांपुढे आलेला त्याचा बास कार्बन आणि काचेच्या तंतूंना इपॉक्सी राळेत बसवून घडवलेला होता. अशा मानेचे दोन गुण आहेत. एक म्हणजे ती अतिशय ताठ असते, त्यामुळे लाकडी मान स्वतःच थरथरून काही ठरावीक स्वर गिळून टाकते तो दोष जवळजवळ उरत नाही. आणि दुसरा, आपल्या दृष्टीने मोठा, म्हणजे ती हवेतले पाणी पीत नाही. ‘टाइम’ साप्ताहिकाने 1981 च्या उत्तम आराखड्यांत या बासची गणना केली. पुढे गिटार आली, सगळ्या तारा एकदम सुरात वरखाली करणारी ‘ट्रान्सट्रेम’ ही घोडी आली, ॲलन होल्ड्सवर्थसारखा विक्षिप्त प्रतिभेचा वादक तिच्यावर भाळला, आणि 1987 मध्ये गिब्सन कंपनीने स्टाइनबर्गरचा कारखाना विकत घेतला. त्यानंतरची वर्षे भराभर ओलांडण्याजोगीच आहेत. फॅशन उतरली, वाद्य अडगळीत गेले.

ते परत आले 2007 नंतर. ओला स्ट्रँडबर्ग या स्वीडिश अभियंत्याने छंद म्हणून सुरू केलेल्या कामातून आजच्या हेडलेस गिटारचे रूप ठरले: हलके शरीर, अंगठ्याला सपाट आधार देणारी कोनदार मान, पंख्याच्या पात्यांसारखे तिरपे पडदे. आता मोठमोठे कारखाने तशी गिटार काढतात. मात्र या पुनर्जन्मात डोके गेले ते गेलेच आणि लाकूड परत आले. एवढेच नव्हे, तर स्टाइनबर्गरचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या ‘स्पिरिट’ या स्वस्त मालिकेतही मान मेपलची, म्हणजे लाकडाचीच असते. ज्या माणसाने लाकूड टाकले त्याचे नाव लाकडावर कोरावे, हा व्यापाराचा विनोद म्हणायचा.

पोटाशी सूर जुळवण्याची कल्पना मात्र मराठी मुलखाला नवी नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्यांचा उद्योग उभा केला, आणि तिथल्या सतारीला व तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या तानपुऱ्यात खुंट्या दांडीच्या टोकाला असतात खऱ्या, पण त्यांनी सूर फक्त जवळपास आणला जातो. नेमका सूर लागतो तो घोडीच्या खाली तारेत ओवलेला मणी बोटाने सरकवून. म्हणजे मिरजेच्या कारागिराने ढोबळ काम डोक्याकडे आणि बारीक काम पोटाकडे अशी वाटणी केली होती. या वाटणीतली एक गोष्ट सहज नजरेआड होते: तानपुऱ्याची खुंटी लाकडाची असते आणि मणीही गंजणारा नसतो. दमट हवेत खुंटी फुगून घट्ट बसते, कोरड्या हवेत घसरते, मग तिला खडू लावतात. तिच्या साऱ्या आजारांवर घरगुती औषध आहे. हेडलेस गिटारच्या पोटात मात्र सहा पोलादी आटे असतात, आणि गंजलेल्या आट्यावर खडू चालत नाही.

रायगडच्या किनाऱ्याची हवा इथे चित्रात येते. दिवसा समुद्रावरून खारे वारे आणि रात्री जमिनीवरून मतलई वारे, हे शाळेच्या भूगोलातले वाक्य इथे खिडकीच्या गजांवर वाचता येते. गिटार बनवणारे साधारण 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य मानतात. जुलैत या किनाऱ्यावर ती 80 च्या वर जाते. लाकूड लांबीत फारसे वाढत नाही, पण जाडीत आणि रुंदीत फुगते. मान किंचित वाकते, तारा पडद्यांपासून दूर जातात किंवा त्यांवर खरखरतात, आणि मानेच्या पोटात बसवलेली पोलादी सळई पाना लावून पुन्हा कसावी लागते. यावर आजच्या निर्मात्यांनी काढलेली तोड म्हणजे भाजलेले मेपल. प्राणवायू जवळजवळ नसलेल्या भट्टीत तापवलेल्या या लाकडाची पाणी शोषण्याची ताकद कमी होते. ते कार्बनची बरोबरी करीत नाही, पण किनाऱ्यावरच्या खरेदीत ही एक अट सोडू नये. या युक्तिवादाचा पुरावा शोधायला कोठे लांब जाण्याची गरज नाही: रायगडच्या बंदरांत लाकडी होड्यांच्या शेजारी फायबरच्या होड्या नांगरलेल्या दिसतात, आणि ते फायबर म्हणजे काचेचे तंतू आणि राळ, स्टाइनबर्गरच्या बासचेच भाऊबंद. कोळ्यांना जे उमगले ते गिटारच्या बाजाराने विसरावे, हे आश्चर्य आहे.

लोखंडाचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण विद्युत गिटारमधून लोखंड काढताच येत नाही. तारांखाली बसवलेला ‘पिकअप’ म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र डळमळते आणि वेढ्यांत वीज उमटते. तेच वेढे घरातल्या विजेचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाटही तितक्याच आवडीने पकडतात. चुंबकीय उपकरणाला परकी वीज कशी नडते, याची या किनाऱ्याला शंभराहून अधिक वर्षांची ओळख आहे, आणि ती हकिगत गिटारच्या निमित्ताने सांगण्याजोगी आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अखंड चालू होत्या. शतक संपता संपता मुंबईतली घोड्यांची ट्राम विजेवर चालवण्याचे घाटू लागले. रुळांतून वाहणारा प्रवाह कुलाब्याच्या सुया हलवणार, हे तेव्हाचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांच्या ध्यानात आले. त्या पदावरचे ते पहिले भारतीय. शहराची प्रगती थांबवा असे त्यांना म्हणता येत नव्हते आणि नोंदी तुटू देणे त्यांना मान्य नव्हते. त्यांनी चुंबकीय वेधशाळा खाडीपलीकडे अलिबागला नेली आणि 1904 पासून सुमारे दोन वर्षे दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेऊन नव्या जागेचे आकडे जुन्या मालिकेला जोडून दिले. ट्राम विजेवर धावली ती त्यानंतर, 1907 च्या मे महिन्यात. अलिबागची इमारत बांधताना पोरबंदरी दगडासारखी चुंबकत्व नसलेली सामग्री निवडली गेली, आणि जिथे लोखंडी खिळा ठोकायचा तिथे तांबे-पितळ वापरले. ही वेधशाळा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे, आणि त्या संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे. मूस यांच्या नावाचा एखादा चौक अलिबागेत असायला हरकत नव्हती.

मूस यांनी लोखंड टाळले ते चुंबकत्वासाठी, पण तांब्या-पितळेचा तो निर्णय खाऱ्या हवेतही शहाणपणाचाच होता. हेडलेस गिटारच्या घोडीत नेमके उलट घडते. नेहमीच्या गिटारच्या खुंट्या मानेच्या टोकाला, हातापासून दूर, बहुधा वंगण भरलेल्या बंद डब्यांत असतात. हेडलेसमध्ये तारा ओढणारे आटे उघडे, आणि तेही नेमके जिथे उजव्या हाताचा घामेजलेला तळवा टेकतो तिथे. ठोकळा हलका राहावा म्हणून ॲल्युमिनियमचा आणि स्क्रू पोलादाचा. दोन वेगळ्या धातूंच्या मध्ये खारट ओलावा शिरला की तिथे एक लहानशी बॅटरीच तयार होते आणि तिच्यात ॲल्युमिनियम झिजत जाते. या गिटारच्या खुंट्या ताठर होतात ही तक्रार कोरड्या मुलखातूनही येते. शिवाय नेहमीच्या खुंट्या कोणत्याही वाद्याच्या दुकानात मिळतात, तर हेडलेसच्या घोडीचा तुटलेला भाग त्याच निर्मात्याकडून मागवावा लागतो, आणि पावसाळ्यात गेटवे-मांडवा लाँच बंद असताना मुंबईला न्यायचे वाद्य भाऊच्या धक्क्याच्या रो-रोने किंवा पेणच्या रस्त्याने जाते.

तेव्हा किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही गिटार घेऊच नये असे नाही. प्रवास करणाऱ्याला, पाठीचे वा खांद्याचे दुखणे असणाऱ्याला तिच्यासारखी दुसरी नाही. फक्त पसंतीचा क्रम बदलावा. चांगल्या अवस्थेतली जुनी कार्बनची स्टाइनबर्गर हाती लागली, तर तिच्यापुढे नव्याची चमक पाहू नये. तिच्या काही घोड्यांना दोन्ही टोकांना गोळी असलेल्या खास तारा लागतात, एवढे आधी तपासावे. नव्यातली घ्यायची तर मान भाजलेल्या लाकडाची, पडदे स्टेनलेस पोलादाचे, आणि मानेकडच्या टोकाला साध्या तारा स्क्रूने आवळता येतील अशी. वापरात तारा पॉलिमरचा थर दिलेल्या असाव्यात आणि आट्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब महिन्याला मिळावा. शेवटी दुकानात आवाज ऐकण्याआधी जाड सहाव्या तारेची खुंटी दोन बोटांत धरून पूर्ण ताणावर फिरवून पाहावी, आणि ही परीक्षा डिसेंबरात नव्हे, तर ऑगस्टात घ्यावी.