डिचोलीच्या खनिजाला आडवे आलेले बार

पेडणे-डिचोलीत ‘बार’ म्हटलं की फेणीची बाटली डोळ्यांपुढे येते. पण या शब्दाचा खरा पसारा पाहायचा तर डिचोलीच्या लोहखनिजामागोमाग निघावं.

पिळगावच्या सारमानस धक्क्यावर खनिज बार्जमध्ये भरलं जातं. (बार्ज शब्दाचं कूळ निराळं, त्याचा इथे संबंध नाही.) मांडवीतून पणजी ओलांडून बार्ज समुद्राच्या तोंडाशी येते. पलीकडे मुरगाव बंदर. पण आग्वाद किल्ल्याखाली पाण्यात एक वाळूचा दांडा आडवा पसरलेला आहे, तो आग्वाद बार. समुद्राला भिडताच नदीचा वेग मंदावतो आणि तिनं वाहून आणलेली रेती तिथंच बसते. पावसाळ्यात खवळलेल्या लाटा बाहेरूनही वाळू लोटत राहतात. पाणी उथळ झालं की लाटा तिथंच फुटू लागतात. काठोकाठ भरलेल्या सपाट बुडाच्या बार्जला हे झेपणारं नव्हे. म्हणून पावसाळ्यात हे तोंड बंद होतं आणि बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून, मगरींच्या शेजारून, झुआरीत उतरून मुरगाव गाठतात. पेडण्यात मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशीही असाच बार आहे. मच्छीमारांना तो चांगला ठाऊक आहे. इंग्रजी इथं पोचण्याच्या कितीतरी आधी पोर्तुगीज दर्यावर्दी नदीच्या अशा मुखाला ‘बार्रा’ म्हणत होते. शब्दाचं मूळ तेच.

ते मूळ म्हणजे दार बंद करायचा आडवा दांडा, आपला अडसर! जुन्या घरांच्या दारामागे भिंतीतल्या खाचेत सरकवायचा तो लाकडी वासा. मराठीनंही याच अडसराला ‘अडथळा’ हा अर्थ दिला आणि वाळूच्या पट्ट्याला ‘दांडा’ म्हटलं. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच वाटेनं गेल्या, याचं मला फार नवल वाटतं.

इंग्रजी मात्र आणखी पुढे गेली. दारू देणारा आणि पिणारा यांच्यामधली आडवी फळी म्हणजे बार. मग त्या फळीचं नाव सगळ्या दुकानालाच पडलं. न्यायालयात न्यायाधीशांच्या जागेपुढचा कठडा हाही बार. त्या कठड्याशी उभं राहण्याचा अधिकार मिळालेला तो बॅरिस्टर, आणि वकिलांची संघटना म्हणजे बार असोसिएशन.

कायद्यानं घातलेल्या मनाईलाही इंग्रजीत बारच म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं ७ फेब्रुवारी २०१८ रोजी गोव्यातल्या ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यापासून खाणी थांबल्या. वाळूचा दांडा पावसाळ्यापुरता आडवा येतो. हा वर्षानुवर्षं आडवा राहिला. ट्रक, बार्जी, त्यांवर पोटं भरणारी घरं, सगळ्यांनाच त्यानं अडवलं.

एक बार मात्र या घराण्यातला नाही. हवेचा दाब मोजतात तो बार ग्रीक भाषेतल्या ‘वजन’ या अर्थाच्या शब्दावरून आला. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब सुमारे १०१३ मिलिबार असतो. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, मिलिबारचा आकडा घसरला, की वारा सुटतो, समुद्र खवळतो आणि आग्वादची वाळू पुन्हा हलू लागते.