चोर कोण? बारा जणांच्या खेळाची गंमत आणि त्याची किंमत

गौरी-गणपतीत तुमच्या घरी किती माणसं जमतात? भिलाईला नेहरू नगरात आमच्याकडे गेल्या वर्षी तेरा जमली होती. हरतालिकेला माहेरी आलेल्या नणंदबाई, नागपूरहून आलेले दीर-जाऊ, चार मुलं, सासूबाई... ताटात मोदकांशेजारी ठेठरी-खुरमी, आणि जो तो आपापल्या मोबाइलमध्ये. शेवटी नागपूरचा पुतण्या म्हणाला, "काकू, माफिया खेळू या ना!"

खेळ छान रंगला. पण तिसऱ्या डावात असं काही घडलं, की दोन दिवस घरात दोन बायका एकमेकींशी बोलेनात. म्हणून हा लेख. दिवाळीत तुमच्याकडेही कुणीतरी हा खेळ काढणारच. तेव्हा त्यातलं बरं-वाईट आधीच माहीत असलेलं बरं.

खेळ नवा नाही

चार चिठ्ठ्यांचा राजा-मंत्री-चोर-शिपाई तुम्ही खेळलाच असाल. राजाने विचारायचं, "मेरा मंत्री कौन?" आणि मंत्र्याने उरलेल्या दोघांच्या चेहऱ्यावरून चोर ओळखायचा. माफिया हा त्याचाच मोठा भाऊ समजा.

दिमित्री दाविदोव या मॉस्को विद्यापीठात मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने 1986-87च्या सुमारास तो तयार केला. भिलाईकरांना याची जास्त गंमत वाटेल. आपला पोलाद कारखाना 1955च्या करारानुसार सोव्हिएत मदतीने उभा राहिला, 4 फेब्रुवारी 1959ला पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. पोलाद तिथून आलं, आणि खेळही तिथलाच! पुढे 1997मध्ये अँड्र्यू प्लॉटकिन या अमेरिकन माणसाने माफियाच्या जागी माणसाचा लांडगा आणला. 2018मध्ये आलेला 'अमंग अस' हा मोबाइलवरचा खेळ 2020च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी पोहोचला, तोही याच जातीचा. 2025मध्ये करण जोहरने सादर केलेला 'द ट्रेटर्स' पाहिला असेल, तर त्याचं मूळही हेच.

कसा खेळायचा?

तेरा जण असतील तर एक सूत्रधार. उरलेल्या बारा जणांना चिठ्ठ्या: तीन चोर, एक पोलीस, एक डॉक्टर, सात गावकरी. 'रात्र' झाली की सगळ्यांनी डोळे मिटायचे. चोरांनी गुपचूप डोळे उघडून, खुणेने एकाला बाद करायचं. डॉक्टरने एकाला वाचवायचं, पोलिसाने एकाची ओळख सूत्रधाराकडून खुणेनेच काढायची. 'सकाळ' झाली की चर्चा, आरोप आणि हात वर करून मतदान. ज्याला जास्त मतं, तो बाद. सगळे चोर सापडले तर गाव जिंकलं. चोर आणि बाकीचे बरोबरीत आले, तर चोर जिंकले.

चोर किती ठेवायचे, हा कळीचा प्रश्न. 2008मध्ये ब्रेव्हरमन, एतेसामी आणि मोसेल या तिघांनी याचं गणित मांडलं. खेळात पोलीस नसेल, तर खेळणाऱ्यांच्या वर्गमूळाच्या पटीत मोजकेच चोरही गावाला पुरून उरतात. पोलीस असला तर चोरांचा वाटा वाढवावा लागतो. थोडक्यात, चोरांच्या हाती माहिती असते, गावाच्या हाती फक्त संख्या.

फायदे काय?

पहिला फायदा म्हणजे खर्च नाही. कागदाचे बारा तुकडे आणि एक पेन पुरतं. पत्त्यांत चार-सहा जण खेळतात, बाकीचे बघत बसतात. इथे वीस जणही चालतात.

दुसरा, वय आडवं येत नाही. आमच्या सासूबाईंना मोबाइलवरचा खेळ जमत नाही. पण "तू मघाशी गप्प का होतास रे?" हा प्रश्न त्यांच्याइतका नेमका कुणी विचारत नाही.

तिसरा फायदा आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा. इथल्या मुलांची शाळा हिंदी-इंग्रजीत, मैदानावर छत्तीसगढी. घरात मराठी असते ती 'जेवायला ये' आणि 'दिवा लाव' एवढीच. या खेळात मात्र जीव वाचवायचा तर बाजू मांडावी लागते. आमच्या मुलीने त्या दिवशी जेवढं सलग मराठी बोललं, तेवढं महिनाभरात बोललं नसेल.

आणि तोटे?

आता तिसऱ्या डावाचं सांगते. मतदानाच्या वेळी नणंदबाई म्हणाल्या, "चोर मोठ्या वहिनीच. अशाच निरागस तोंडाने बोलतात त्या. घरातही असंच चालतं त्यांचं." सगळे हसले. मोठ्या जाऊबाईही हसल्या, पण चिठ्ठी दाखवताना त्यांचा हात थरथरत होता. चिठ्ठीवर 'गावकरी' लिहिलेलं होतं.

हा या खेळाचा सगळ्यात मोठा धोका. पुरावा नसतो, त्यामुळे माणूस जुन्या ओळखीतून पुरावा शोधतो. मित्रमंडळीत ते खपून जातं. कुटुंबात मात्र त्या ओळखीत वीस वर्षांचे हिशेब असतात.

दुसरा तोटा, जो आधी बाद होतो तो बसून राहतो. बारा जणांचा डाव साधारण तीन ते पाच फेऱ्या चालतो, आणि गप्पा रंगल्या तर त्याला तासही लागतो. आमचा अकरा वर्षांचा भाचा लागोपाठ दोन डावांत पहिल्याच रात्री बाद झाला आणि गच्चीवर जाऊन बसला. "मी लहान आहे म्हणून मलाच काढतात," हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं.

तिसरा, आवाज मोठा त्याचं राज्य. गप्प बसणारा माणूस नुसता लाजाळू असतो, पण मतं त्यालाच पडतात.

मुलं खोटं बोलायला शिकतील का, असंही काही आईवडील विचारतात. मला ही भीती फारशी वाटत नाही. चोर-पोलीस खेळून कुणी चोर होत नाही. पण सात-आठ वर्षांखालच्या मुलांना गुपित पोटात ठेवता येत नाही, आणि आई आपल्याशी खोटं बोलली याचं त्यांना खरंच वाईट वाटतं. त्यांना सूत्रधाराचा मदतनीस करा.

मग खेळायचं की नाही?

जरूर खेळा, पण चार गोष्टी आधी ठरवा:

- आरोप फक्त या डावातल्या वागण्यावरून. 'घरात', 'नेहमी', 'लग्नात' हे शब्द आले की सूत्रधाराने थांबवायचं.
- पहिल्या रात्री कुणी बाद होणार नाही. आणि आधीच्या डावात जो पहिला गेला, त्याला पुढच्या डावात पहिल्या दोन रात्री अभय.
- मतदानाआधी प्रत्येकाला अर्धा मिनिट. त्या वेळात मध्ये कुणी बोलायचं नाही.
- सूत्रधार असा हवा, ज्याचं सगळे ऐकतात.

आमच्याकडे गौरी जेवल्या त्या संध्याकाळी सासूबाई स्वतःच सूत्रधार झाल्या. नणंदबाईंनी आधी पदर खोचला, मोठ्या जाऊबाईंजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, परवा मी खेळातलं बोलले नाही. माझं चुकलं." जाऊबाई लगेच काही बोलल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठ्यांची वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "उचला. आज चोर निघालात ना, तर मी सोडणार नाही."

त्या डावात दोघीही चोर निघाल्या. आणि जिंकल्या!