ड्राफ्टमधून खिंडारं बुजत नाहीत

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा ड्राफ्ट जवळ आला की प्रत्येक संघाच्या उणिवांच्या याद्या निघू लागतात. यांना क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) हवा, त्यांची बचावफळी दुबळी आहे, तेव्हा पहिल्या फेरीत अमुक जागेचाच खेळाडू उचलायला हवा. संघातली खिंडारं ड्राफ्टमध्ये बुजवायची असतात, हा समज या याद्यांच्या मुळाशी असतो. आयपीएलचा लिलाव पाहणाऱ्या आपल्या वाचकाला तो सहज पटतो, कारण लिलावात जे कमी पडतं ते पैसे मोजून त्याच दिवशी घेता येतं. ड्राफ्टमध्ये मात्र बोलीच नसते. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना ३२ संघ ठरलेल्या क्रमाने सात फेऱ्यांत निवडतात, आणि आदल्या हंगामात जो तळाला होता त्याचा नंबर पहिला लागतो. संघाच्या वाट्याला साधारण सात निवडी येतात. उन्हाळ्यात संघाला ९० खेळाडू ठेवता येतात, हंगामाच्या तोंडावर ५३. सात नवख्यांच्या जोरावर ही भरती होणं शक्य नाही, आणि त्या सातांतलेही सगळे पहिल्याच वर्षी मैदानात टिकतील याची खात्री नसते.

२०२१ चं सिनसिनाटी बेंगल्स हे याचं बोलकं उदाहरण. त्यांचा तरुण क्वार्टरबॅक जो बरो आदल्या नोव्हेंबरमध्ये गुडघा मोडून बसला होता; त्याच्यापुढची आक्रमक फळी त्याचं रक्षण करू शकत नव्हती, हे सगळ्यांना दिसत होतं. पाचव्या निवडीला पेनेई सूअल हा फळीतला उत्तम खेळाडू उपलब्ध होता. बेंगल्सनी घेतला तो जमार चेस, म्हणजे चेंडू झेलणारा रिसीव्हर. टीका पुष्कळ झाली. चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड कमावले आणि संघ फेब्रुवारी २०२२ मध्ये सुपर बोलला, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याला, पोहोचला. उणीव होती तिथेच होती: त्या हंगामात लीगमध्ये सर्वाधिक वेळा, ५१ वेळा, बरो चेंडूसह पाडला गेला, आणि अंतिम सामन्यात आणखी सात वेळा. बेंगल्स २०-२३ असे हरले. मग मार्चच्या फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारात, त्यांनी ॲलेक्स कॅपा, टेड कॅरस आणि ला'एल कॉलिन्स हे तीन अनुभवी खेळाडू फळीसाठी करारबद्ध केले. सूअलही पुढे डेट्रॉइटमध्ये अव्वल ठरला, तेव्हा त्याला घेणं चुकलं असतं असं मी म्हणणार नाही. पण बेंगल्सचा हिशेब कळण्यासारखा आहे. असाधारण खेळाडू ड्राफ्टमध्ये घ्यावा, भरवशाचा खेळाडू बाजारात मिळतो.

या हिशेबामागे पैसा आहे. १९९४ पासून संघाच्या एकूण पगारखर्चावर मर्यादा आहे. २०२५ मध्ये ती २७ कोटी ९२ लाख डॉलर होती. त्यामुळे श्रीमंत मालक हवं ते विकत घेतो, हाही गैरसमजच. लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारानंतर नवख्यांचा पगार निवडीच्या क्रमांकानुसार जवळपास ठरूनच येतो आणि त्यांचा करार चार वर्षांचा असतो. चांगला निघालेला नवखा म्हणजे चार वर्षांची बचत, आणि त्या बचतीतूनच अनुभवी खेळाडू परवडतात. मार्चमध्ये तातडीची भोकं बुजवलेली असली की एप्रिलमध्ये संघाला घाईने कोणाच्या मागे लागावं लागत नाही.

ड्राफ्ट संपला की उरलेले खेळाडू कुचकामी, ही समजूत तर सरळ चुकीची आहे. शेवटची निवड होताच संघांचे फोन सुरू होतात, आणि न निवडलेल्या मुलाला संघ स्वतः निवडता येतो. आपल्या जागेवर गर्दी कुठे कमी आहे हे तो पाहतो. कर्ट वॉर्नर १९९४ मध्ये असाच उरला होता. १९९९ मध्ये रॅम्स या संघाचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन सराव सामन्यात जखमी झाला, वॉर्नर उभा राहिला आणि त्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरून सुपर बोलही जिंकला. मे महिन्यात अनुभवी खेळाडूंची दुसरी लाट येते, तिचं कारण नियमात आहे. मार्चमध्ये खेळाडू गमावणाऱ्या संघांना पुढच्या ड्राफ्टमध्ये भरपाईच्या जादा निवडी मिळतात; बाहेरून खेळाडू घेतले की त्या घटतात, पण ड्राफ्टनंतरच्या सोमवारनंतर केलेले करार त्या हिशेबात धरले जात नाहीत. म्हणून शहाणे संघ तोवर थांबतात. ऑगस्टअखेर प्रत्येक संघ ९० वरून ५३ वर येतो आणि हजारावर खेळाडू एकदम मोकळे होतात. कोणाच्या यादीतला ५४ वा दुसऱ्याकडे सुरुवातीपासून खेळतो.

यावर आक्षेप येतो तो ह्यूस्टन टेक्सन्सचा. २०२२ मध्ये तीनच सामने जिंकलेल्या या संघाने २०२३ ला दुसऱ्या निवडीत क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड घेतला आणि दहा सामने जिंकले. हे खरं आहे. क्वार्टरबॅकची जागा बाजारातून क्वचितच भरते, तेव्हा तिथे ड्राफ्टला पर्याय कमी. पण त्याच ड्राफ्टमध्ये एक निवड आधी कॅरोलायनाने ब्राइस यंग घेतला आणि १७ पैकी दोन सामने जिंकले. उणीव तीच होती, फळ मात्र वेगळं मिळालं. दुसरा आक्षेप रॅम्सचा: पहिल्या फेरीच्या निवडी वर्षानुवर्षं देऊन टाकूनही २०२२ च्या त्या सुपर बोलमध्ये बेंगल्सना हरवलं ते त्यांनीच, मग ड्राफ्ट हवाच कशाला? त्या सामन्याचा मानकरी कूपर कप रॅम्सनी २०१७ च्या तिसऱ्या फेरीत घेतला होता, आणि ॲरन डोनाल्ड २०१४ च्या पहिल्या फेरीत. कणा ड्राफ्टचाच होता. खिंडारं मात्र इतरत्र बुजली: क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड अदलाबदलीतून आला, ओडेल बेकम हंगामाच्या मध्यात आला, आणि बाद फेरीच्या तोंडावर दोन्ही सेफ्टी (बचावातले सर्वांत मागचे खेळाडू) जायबंदी झाले तेव्हा दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला ३७ वर्षांचा एरिक वेडल आला आणि अंतिम सामन्यापर्यंत खेळला.

म्हणून ड्राफ्टच्या रात्री संघांना वाटल्या जाणाऱ्या गुणांवर विसंबू नका. मार्चचे करार आणि ऑगस्टअखेरच्या ५३ नावांची यादी शेजारी ठेवा, मगच ठरवा कोणाचा संघ भरला.