शाळा बंद, वस्ती उघडी : महासाथीतले गुरुजी आणि पालक

दहावीचा भूगोलाचा पेपर २३ मार्च २०२० रोजी व्हायचा होता. तो आधी पुढे ढकलला गेला, एप्रिलमध्ये रद्द झाला आणि मुलांना इतर विषयांच्या सरासरीने गुण मिळाले. पहिली ते आठवीची मुले वार्षिक परीक्षेविना वरच्या वर्गात गेली. महाराष्ट्रातील शाळा मार्चच्या मध्यातच बंद झाल्या होत्या. जूनमध्ये पुन्हा घंटा वाजेल, असे तेव्हा बहुतेक घरांत धरून चालले होते. खेड्यातल्या पहिली-दुसरीच्या मुलांसाठी ती घंटा वाजायला १ डिसेंबर २०२१ उजाडला.

मधला तारखांचा पट थोडक्यात असा. नोव्हेंबर २०२० मध्ये नववी ते बारावीचे वर्ग काही जिल्ह्यांत उघडले, जानेवारी २०२१ मध्ये पाचवी ते आठवीचे. महासाथीच्या दुसऱ्या लाटेने सगळे पुन्हा बंद पडले. २०२१ ची दहावी आणि बारावीची परीक्षा रद्द झाली. दहावीला निम्मे गुण नववीच्या कामगिरीवरून धरले गेले आणि निकाल ९९.९५ टक्के लागला. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग भरू लागले. जानेवारी २०२२ मध्ये शाळांना आणखी एकदा कुलूप लागले, ते महिनाअखेरीला निघू लागले.

या काळाची आठवण काढली की ‘ऑनलाइन’ हा शब्द आधी येतो. ‘असर’ या शैक्षणिक अहवालासाठी २०२० मध्ये झालेल्या दूरध्वनी पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील शाळकरी मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे दिसले. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. पोटाची भ्रांत असतानाही अनेक घरांनी फोन घेतला, हा त्या आकड्यातला खरा अर्थ. तरीही पाहणीच्या आदल्या आठवड्यात शाळेकडून काही अभ्यास मिळालेली मुले साधारण एक तृतीयांशच होती. घरात फोन असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत फार अंतर होते. वडील कामावर गेले की फोनही जाई. तो घरी असला तर थोरल्याचा तास आणि धाकटीचा तास एकाच वेळी येई. रिचार्ज संपलेला असे, नाहीतर रेंज गावाबाहेरच्या टेकाडावरच मिळे. बालभारतीच्या पुस्तकांत महासाथीच्या आधीच क्यूआर कोड आलेले होते, ते उघडणारे ‘दीक्षा’ हे अभ्यासाचे ॲप तयार होते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत हे कोड वापरात आणणारे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ही मिळाले. परंतु कोड उघडायला शेवटी फोनच लागतो.

दूरदर्शनला ती अडचण कमी होती. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. फळ्यासमोर उभे राहून व्याख्यान देणे तिने टाळले; घरातल्या वस्तू आणि घरातली माणसे यांच्या सोबतीने करायच्या कृती दाखवल्या. नेटपॅक न लागणारे हे काम जितके वाखाणले जायला हवे होते तितके वाखाणले गेले नाही.

सर्वांत मोलाचे काम मात्र पडद्यावर झालेच नाही. ते भिंतींवर झाले.

सोलापूरच्या नीलमनगरात कापड उद्योगातल्या कामगारांची दाट वस्ती आहे. तेथील आशा मराठी विद्यालयाच्या बहुसंख्य पालकांना स्मार्टफोन परवडणारा नव्हता. शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंती मागितल्या आणि अडीचशे ते तीनशे भिंतींवर पहिली ते दहावीचा अभ्यास रंगवला: मुळाक्षरे, अंक, वाक्यरचना, व्याकरण, गणिताची सूत्रे, सामान्यज्ञान. गल्ल्या अरुंद, पण मुले वहीपेन्सिल घेऊन एकेका भिंतीपुढे अंतर राखून उभी राहत, वाचत, उतरवून घेत.

या साधनाची ताकद नीट समजून घेण्यासारखी आहे. फोनवरचा धडा पाठवला जातो तेव्हाच येतो, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर वर सरकतो आणि लग्नाच्या फोटोंखाली गाडला जातो. भिंतीवरचा पाढा सकाळी तिथेच असतो, संध्याकाळीही तिथेच. पाणी भरायला जाताना तो दिसतो, गोट्या खेळताना दिसतो. तिसरीतल्या मुलीला आठवीचे सूत्र दिसते आणि ती विचारते. आठवीतल्या मुलाला विसरलेली बेरीज चारचौघांत न लाजता पुन्हा पाहता येते. भिंतीला चार्जर लागत नाही आणि तिची मालकी एका मुलाकडे नसते. ज्या आईला अक्षर येत नाही तिच्या दारावरच अक्षर आले, ही तर अभ्यासक्रमात कुठेच न लिहिलेली मिळकत. भिंत तपासत नाही, चूक दाखवत नाही, हे खरे. म्हणून जिथे शिक्षक गल्लीत फिरत राहिले तिथेच हा प्रयोग शिक्षण ठरतो. नाहीतर ती नुसती रंगरंगोटी.

पालघर जिल्ह्यात दांडवळसह सहा गावांत दिगंतर स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ चालवली. येथे धडा कानावर पडे. आधी ध्वनिमुद्रित केलेले पाठ, गाणी आणि इंग्रजी वाक्ये लाउडस्पीकरवर वाजत. मुले मोकळ्या जागेत बसून ऐकत आणि त्या आवाजांना स्पीकरदादा, स्पीकरताई म्हणत. पाड्यावर जिथे शाळा म्हणजे मुख्यतः गुरुजींचा आवाज, तिथे आवाजच पाठवण्याची ही कल्पना अचूक होती. राज्यात इतरत्रही जिल्हा परिषदेचे अनेक शिक्षक मळ्यात, तांड्यावर, देवळाच्या ओसरीवर चारपाच मुलांचे गट घेऊन बसले, स्वाध्यायाच्या प्रती दारोदार देऊन तपासून परत आणल्या.

हेच शिक्षक तपासणी नाक्यांवर होते, रेशन दुकानांवर होते, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या आरोग्य तपासणी मोहिमेत घरोघरी फिरत होते. कित्येक शाळांच्या खोल्या विलगीकरण कक्ष झाल्या होत्या. शालेय पोषण आहाराची खिचडी शिजणे थांबले, तेव्हा तांदूळ आणि कडधान्ये मोजून पालकांच्या पिशवीत घालण्याचे कामही शाळेनेच केले. विनाअनुदानित शाळांतल्या अनेक शिक्षकांचा पगार घटला किंवा थांबला, आणि त्याच वेळी रोजगार गेलेल्या पालकांपुढे फी उभी होती. राज्य शासनाने १२ ऑगस्ट २०२१ च्या निर्णयाने खासगी शाळांच्या फीमध्ये १५ टक्के कपात केली. पालकांच्या दृष्टीने ती रास्तच होती. वर्गावरच्या शिक्षकाच्या पगाराचे काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.

घरात शिकवणारे कोण होते, याचे उत्तर ‘असर’च्या त्याच पाहणीत मिळते. सुमारे तीन चतुर्थांश मुलांना घरच्या कुणाची तरी मदत होत होती. ज्यांचे आईवडील प्राथमिकच्या पुढे शिकलेले नव्हते, अशाही निम्म्याहून अधिक मुलांना ती मिळत होती. अशा घरांत ताई-दादांनी बरेच ओझे उचलले. निरक्षर पालक अभ्यासाकडे पाहत नाहीत, असे म्हणण्याची सवय शाळांना होती. तिला या आकड्यानंतर आधार उरत नाही.

नुकसान तरीही मोठे झाले. ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्के झाली. सर्वाधिक फटका त्यांना बसला ज्यांनी पहिलीचा वर्ग पाहिलाच नाही. ही तूट भरून काढण्यासाठी जुलै २०२१ पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आला. २०२२ च्या उन्हाळ्यात ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात पहिलीला येणाऱ्या मुलांचे मेळावे भरले, आणि त्यांच्या आयांचे गट वस्तीवस्तीत तयार करून घरी करून घ्यायच्या कृतींची पत्रके त्यांच्या हाती देण्यात आली.