तारेचे बंधन आणि सुरांची किंमत

परदेशी नोकरीस असलेला मुलगा सुटीवर येताना ‘काय आणू?’ असे विचारतो, आणि धाकटी भावंडे एकमुखाने बिनतारी हेडफोन सांगतात. बाहेरचा गोंगाट नाहीसा करणारे हेडफोन मोलाने भारी असतात. तेव्हा त्यांत आपण सूर विकत घेतो की केवळ सोय, याचा विचार घरातील वडील मंडळींनी अवश्य करावा.

गोंगाटावर आवाजाचाच उतारा, ही कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन संशोधकास तिचे अमेरिकन पेटंट १९३६ साली मिळाले. ती व्यवहारात आणण्यात मात्र एका बंगाली पित्याच्या पुत्राचा मोठा वाटा आहे. अमेरिकेतील प्राध्यापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून बोस्टनला विमानाने परतत असता त्यांच्या हेडफोनमधील संगीत इंजिनांच्या घरघरीत बुडून गेले. त्यांनी त्याच प्रवासात हिशेब मांडावयास घेतला! त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट १९८९ मध्ये विक्रीस आला. सामान्य उतारूंसाठी २००० साल उजाडावे लागले.

यात जादू काही नाही. हेडफोनमधील चिमुकले ध्वनिग्राहक बाहेरचा नाद टिपतात आणि यंत्र त्याच्या नेमकी उलट लाट निर्माण करते. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडतो व दोन्ही विरतात. इंजिनाची किंवा पंख्याची एकसारखी, खर्जातली घरघर अशी सहज मावळते. कुत्र्याचे भुंकणे, मुलाचे रडणे असले अवचित आणि तीव्र आवाज मात्र पुष्कळसे तसेच राहतात.

आता तार काढल्याने काय हरवते ते पाहू. सीडीवरील संगीतात दर सेकंदास सुमारे १४ लाख ११ हजार बिट असतात. ब्लूटूथच्या सर्वसाधारण पद्धतीत उत्तम प्रतीतही ३ लाख २८ हजारांच्या आसपासच पोहोचतात, म्हणजे चौथ्या हिश्श्याहूनही कमी. हे ऐकून घाबरू नये. कानास जाणवणार नाही तेच प्रथम गाळावे, अशी त्या पद्धतीची योजना असते; शिवाय मोबाइलवरची बहुतेक गाणी आधीच आटवलेली असतात. आमच्या मते खरी अडचण विलंबाची आहे. बिनतारी आवाज सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही उशिरा कानी येतो. नुसते ऐकणाऱ्यास त्याचे काही नाही. पण मोबाइलला जोडलेली पेटी वाजवीत हेडफोनमधून तिचे सूर ऐकू पाहणाऱ्याचे बोट आणि सूर यांची फारकत होते. त्याने तारच धरावी.

बसने रोज दूर जाणाऱ्या मुलाची गोष्ट निराळी. साधा हेडफोन लावून तो इंजिनावर मात करण्यासाठी आवाज चढवीत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तास ऐकणे निर्धोक असते. ९० डेसिबलला ही मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. गेलेली श्रवणशक्ती पुन्हा मिळत नाही. अशा मुलाने घरघर घालवणारा हेडफोन वापरून आवाज खाली ठेवला, तर तो खर्च चैनीचा नव्हे. सायकलवर किंवा रस्त्याने चालताना मात्र तो उतरवलाच पाहिजे.

बॅटरी काही वर्षांत थकते, आणि कानात बसणाऱ्या बोंड्यांतील बॅटरी बदलणे बहुधा शक्य नसते. म्हणून डोक्यावरून घालावयाचा आणि प्रसंगी तारही जोडता येईल असा हेडफोन निवडावा. विकत घेण्यापूर्वी आपल्या पूर्ण परिचयाचे एखादे गाणे त्यावर, दुकानातील पंखा चालू असताना, ऐकून पाहावे.