पालीचा कातळ आणि इरईचे ओरखडे

बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन सरसगड चढणाऱ्याने वाटेत हिमनदीच्या खुणा शोधू नयेत. पालीचा हा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. महाराष्ट्रात बर्फ सरकला तो त्याच्या कितीतरी आधी, जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वी. तेव्हा भारत गोंडवन या प्राचीन महाखंडाचा भाग होता, दक्षिण ध्रुवाकडे.

पुरावा पाहायचा तर चंद्रपूरजवळ इरईला जावं. तिथल्या चुनखडीवर समांतर ओरखडे आहेत. बर्फाच्या तळाशी अडकलेले गोटे खडकाला घासत गेले, त्यांचे. फेडन या भूवैज्ञानिकाने १८७५ साली त्यांवर लिहिलं. उष्ण प्रदेशात बर्फ म्हणणं तेव्हा धाडसाचंच होतं!

अलीकडच्या हिमयुगांची वेळ मात्र पृथ्वीच्या चालीवरून ठरते, हे सर्बियाच्या मिलांकोविचने गणिताने मांडलं. अक्षाचा कल सुमारे ४१ हजार वर्षांच्या फेऱ्यात कमी-जास्त होतो, अक्ष डुलतो, कक्षेचा आकारही बदलतो. उत्तरेकडचा उन्हाळा सौम्य झाला की हिवाळ्यातला बर्फ पुरता वितळत नाही, वर्षानुवर्षं साचत जातो. म्हणजे निर्णायक ठरतो तो उन्हाळा; कडक हिवाळा नव्हे.

या हिमयुगांत पालीला बर्फ आला नाही, पण समुद्र दूर गेला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी पाणी आजच्यापेक्षा जवळपास १२० मीटर खाली होतं. आज धरमतरच्या खाडीत शिरणाऱ्या अंबा नदीचं पाणी तेव्हा उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून पश्चिमेला बरंच पुढे जाऊन अरबी समुद्राला मिळत असणार. धरमतरची खाडी त्यानंतरची, बर्फ वितळून समुद्र चढल्यावरची.