भागवत आणि सोहोनी: एकाच बाईंचे शोधनिबंध

वालाचं बिरडं आणि ताडाची नीरा वसई-विरारच्या माणसाला नवी नाही. या दोन्हींवर मुंबईतल्या विज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत काम केलं ते जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी (१९११-१९९८) यांनी. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. आज शास्त्रज्ञाची किंमत ठरते ती शोधनिबंधांच्या संख्येवर आणि इतरांनी त्यांचा किती वेळा हवाला दिला यावर, म्हणजे सायटेशनवर. कमलाबाईंचं काम या तराजूत टाकलं की आधी तराजूतलीच खोट दिसते.

गैरसमज: नावावर निबंध कमी दिसतात, म्हणजे काम कमी.

१९३९ साली ‘नेचर’मध्ये रॉबिन हिल आणि के. भागवत यांचं एक टिपण आलं. विषय होता सपुष्प वनस्पतींमधलं सायटोक्रोम ऑक्सिडेझ. अन्नातून ऊर्जा मिळवताना पेशी इलेक्ट्रॉन एका रेणूकडून दुसऱ्याकडे सोपवत शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोचवते. ते शेवटचं काम या विकराचं. प्राण्यांमध्ये आणि यीस्टमध्ये ही साखळी ठाऊक होती. वनस्पतींच्या श्वसनातही तीच चालते, या म्हणण्याला कमलाबाईंच्या बटाट्यावरच्या कामाने बळ मिळालं. त्यांचा केंब्रिजचा पीएचडीचा प्रबंध याच विषयावरचा, जेमतेम ४० पानांचा.

मग १९५५ साली त्याच ‘नेचर’मध्ये वालातल्या ट्रिप्सिन-रोधकाच्या स्फटिकांवर निबंध आला. त्यावर नाव होतं के. सोहोनी. मधे १९४७ साली त्यांचं लग्न झालं होतं. बाई एकच, पण याद्या करणाऱ्या यंत्रणेला हे आपोआप कळत नाही; ती दोन शास्त्रज्ञ धरते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या कितीतरी संशोधक स्त्रियांचं काम असं दोन खात्यांत वाटलं जातं, आणि हे मला फार अन्यायाचं वाटतं. ‘एच-इंडेक्स’ला तर याचा थेट फटका बसतो. होर्हे हर्श यांनी २००५ साली सुचवलेल्या या मापात, किमान दहा-दहा वेळा उल्लेख झालेले दहा निबंध असतील तर निर्देशांक दहा येतो. तेच दहा निबंध पाच-पाच करून दोन नावांवर गेले, तर दोन्ही नावांना पाचच मिळतात. कामात काडीचाही फरक पडलेला नसतो.

गैरसमज: ज्याचा हवाला सर्वाधिक, तो शोध सर्वात मोठा.

जगात सर्वाधिक उल्लेख झालेला निबंध ऑलिव्हर लॉरी यांचा, १९५१ सालचा. उल्लेख तीन लाखांहून अधिक. पण त्यात आहे ती द्रावणातलं प्रथिन मोजण्याची रीत. जो तो ती वापरतो, म्हणून जो तो हवाला देतो. लॉरींनी स्वतःही तो आपला थोर निबंध मानला नव्हता. उलट चयापचयाचं चक्र मांडणारं हान्स क्रेब्ज यांचं टिपण १९३७ साली ‘नेचर’कडून परत आलं. ते दुसरीकडे छापून आलं आणि १९५३ साली क्रेब्ज यांना नोबेल मिळालं.

गैरसमज: उल्लेख नाहीत, म्हणजे उपयोग नाही.

ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनांचे तुकडे करणारं विकर. कच्च्या वालातला रोधक त्यालाच अडवतो, म्हणून ते प्रथिन अंगी लागत नाही. बिरड्यासाठी वाल भिजवतात, मोड आणतात, सोलतात आणि शिजवतात. शिजवताना उष्णतेने हा रोधक बराचसा निकामी होतो. कडधान्य नीट शिजवून का खायचं, याचं उत्तर इथे आहे.

नीरेचंही तसंच. पुष्कळांना नीरा आणि ताडी एकच वाटते. झाडावरून उतरलेला ताजा गोड रस ती नीरा. ऊन चढलं की यीस्ट त्यातल्या साखरेचा अल्कोहोल करतात आणि मग ती ताडी. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेचं पोषणमूल्य तपासलं. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना ती उपयोगी पडते, हे त्यांनी दाखवलं. त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. असा उपयोग कुठल्याही सायटेशनच्या रकान्यात चढत नाही.

एक गैरसमज त्यांच्या कौतुकातूनच पसरला आहे: विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ साली मिळाली होती. कमलाबाईंचं मोठेपण या पहिलेपणावर अवलंबून नाही.

वसई-विरारच्या महाविद्यालयांतून विज्ञान शिकणाऱ्या मुलींना एक सांगणं आहे. पहिला निबंध पाठवण्याआधी ‘ऑर्किड’ हा संशोधकाचा ओळख-क्रमांक काढून घ्या. २०१२ पासून ही सोय आहे, ती फुकट आहे, आणि आडनाव बदललं तरी तो १६ अंकी क्रमांक तोच राहतो. मिळाला की प्रत्येक निबंधासोबत तो द्या.